भगवंत माळ्याच्या नावानं

अमरावती,
१७ नोव्हेंबर १८६४

शालिकरामा, रामराम!

पहिली बातमी म्हणजे मी कचेरीत लागलो! डिप्टी साहेबाच्या इंग्रजी दप्तरात नकलनवीस. साहेब लिहिते, अन् मी तेच पुन्हा चांगल्या अक्षरात लिहितो. हसू नको. शाळेत मास्तरानं तुले पहिला नंबर देला अन् मले दुसरा, पण खुर्ची मले भेटली अन् तुले अकोल्याले रेल्वेच्या भरावावर मातीचे टोपले मोजाले बसवलं. दुनिया अशीच हाय बावा.

अमरावती तू आता वळखशीन नाही. कापसाच्या बैलबंड्या इतक्या, का परकोटाच्या दरवाज्यात सकाळी घुसलेला माणूस दुपारी बाहीर निघते. अमेरिकेत लढाई हाय तवर विलायतेच्या गिरण्यायले आपलाच कापूस पाहिजे, असं साहेब म्हणते. आमच्या गल्लीतल्या एकानं बैलाच्या शिंगायले चांदीच्या शेंब्या बसवल्या. बैल बिचारा मान हलवाले भेते.

आता तुह्या घरची बातमी. सुगनचंद शेठनं परकोटाबाहीरच्या सरकारी पडीक जागेले लाकडी कठडा केला, दोन बाक टाकले, अन् साहेबाच्या हातानं उद्घाटन करून घेतलं. इंग्रजीत पाटी लागली, सुगनचंद गार्डन. आता तूच सांग, तिथले झाडं कोणाचे? चिंचा, निंब, आंबे, सगळे तुह्या बापाच्या हातचे. पाणी कोणाचं? बाजूच्या तुमच्या मळ्यातल्या विहिरीचं. मी तुह्या मायले, तानुकाकूले विचारलं, "काकू, शेठले पाणी काहून देता?"

"शेठले कुठं देतो? झाडायले देतो. झाडं तुह्या काकानं लावले. शेठचा कठडा काय, आज हाय, उद्या पडन."

मले मात्र राग येते. आपल्या शाळेच्या पुस्तकात होतं, विलायतेत ज्यानं गावासाठी काम केलं त्याचं नाव चौकाले देतात. आपल्या इथं ज्याच्या घरात कापसाच्या गठाणी जास्त, त्याचं नाव. हे बदललं पाहिजे, शालिकरामा. आपण शिकलो कशाले मंग?

तुहा,
चंद्रभान


अकोला,
५ डिसेंबर १८६४

चंद्रभान,

खुर्चीबद्दल मुबारक. जास्त हलू नको, मोडन.

मातीचे टोपले मोजतो हे खरं हाय. हजेरी कारकून म्हणतात मले. सकाळी आठशे माणसायची हजेरी घेतो, साहेब घोड्यावरून येते, "ऑल राइट?" म्हणते, मी "यस सर" म्हणतो. सहा वर्षं इंग्रजी शिकलो ते या दोन शब्दांसाठी.

बगीच्याचं वाचून हसू आलं. माह्या बापाले बगीचा हा शब्दच माहीत नव्हता. पडीक जागेत त्यानं झाडं लावले ते बंडीवाल्यायसाठी. नागपूरच्या वाटेनं येणारे लोक उन्हात बैल सोडत, बैलायच्या जिभा बाहीर. बाप म्हणे, माणूस कुठंबी बसन, बैलाले सावली पाहिजे.

विहीर मात्र आमच्या मळ्यातली, आमच्या घरची. ती खोदली तवा मी सहा वर्षांचा होतो. तीन उन्हाळे लागले. बाप खाली, माय वर. बाप टोपलं भरे, माय वढे. काळी माती, मंग पांढरी, मंग मुरूम, मंग खडक. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी लागलं तर बाप वर येईना. खाली पाण्यातच बसून राहिला. माय वरून शिव्या देऊन राहिली, "आता काय बेडूक होतं का?"

बाप जाऊन दोन वर्षं झाले. मायले म्हणलं, अकोल्याले चाल. म्हणते, "तिथं मी काय करू? तुह्या रेल्वेवर मेथी लावू?" दोन एकर मळा, एक विहीर, एक झोपडी. याच्याबाहीर ती जगाची नाही, हे मले समजून गेलं हाय. तू तिच्याकडं जात-येत राय. तिले बोलाले माणूस लागते, अन् तुले बोलाले कोणीबी चालते.

शालिकराम


अमरावती,
२१ सप्टेंबर १८६५

शालिकरामा,

दहा महिने पत्र टाकलं नाही, शिव्या देऊन घे. पण इथं जे झालं ते पाहून माणूस पत्र लिहाचं विसरून जाते.

अमेरिकेची लढाई सरली. उन्हाळ्यात खबर आली, अन् कापसाचा भाव असा पडला का जसा कोणी खालून पाट काढून घेतला. सुगनचंद शेठ एका सकाळी गावात नव्हता. वाड्याले कुलूप, नोकर दारात बसून रडून राहिले. कुठं गेला कोणालेच माहीत नाही. लोकायनं बगीच्याची पाटी उखडली. ती आता एका गवळ्याच्या गोठ्याले दार म्हणून लागली हाय. म्हशी सुगनचंद गार्डनातून आत-बाहीर करतात.

आता आईक! साहेब म्हणाले, बगीच्याले असं नाव पाहिजे का ज्याची गावाले लाज वाटणार नाही. लोकायनं अर्ज करावा. तहसीलदाराचे चेले लगेच कामाले लागले, तहसीलदार बगीचा म्हणून. मी टेबलाजवळ उभा होतो. नकलनवीस बोलत नसते, ही रीत हाय. पण मी बोललो! म्हणलं, "सर, भगवंत माळी."

साहेबानं चष्म्यावरून पाह्यलं. "हू इज ही?"

मी सगळं सांगितलं. झाडं, बैल, सावली. इंग्रजीत इतका मी शाळेतबी बोललो नव्हतो. साहेब म्हणाले, अर्ज आणा, लोकायच्या निशाण्या आणा, मंग पाहू.

शालिकरामा, सोच! शेठ नाही, साहेब नाही, तहसीलदार नाही. एका माळ्याचं नाव, सरकारी पाटीवर! अख्ख्या वऱ्हाडात असं झालं नसन. तू फक्त हो म्हण.

तुहा,
चंद्रभान


अकोला,
६ ऑक्टोबर १८६५

चंद्रभान,

पत्र तीनदा वाचलं. मंग इथल्या मुकादमाले वाचून दाखवलं, त्याले काही समजलं नाही, तरी दाखवलं. मी खोटं काहून बोलू, डोये भरले. बापाले कोणी आयुष्यात "अहो" म्हणलं नव्हतं.

तर हो.

पण एक गोष्ट ध्यानात ठेव, अन् हे दोनदा वाच. जमिनीची मोजणी येऊन राहिली हाय. इकडं साखळ्या पडाले लागल्या. ज्याचा जो तुकडा तो आता कागदावर चढणार. आमचा मळा आजवर कुठंच लिहिलेला नाही. बाप करत आला, गावाले माहीत हाय, म्हणून आमचा. तवा अर्जात झाडायचं लिही, सावलीचं लिही. मळ्याचं अन् विहिरीचं नाव घेऊ नको. सरकारच्या कागदात एकदा गेलेली गोष्ट बाहीर येत नाही. तू तिथंच बसतं, तुले माह्यापेक्षा जास्त माहीत.

मायले निरोप पाठवला हाय, का चंद्रभान म्हणीन तिथं निशाणी कर.

शालिकराम


अमरावती,
१४ नोव्हेंबर १८६५

शालिकरामा,

एकशे बारा निशाण्या! मी स्वतः घरोघरी फिरलो. सहीच्या जागी कुणब्यायनं नांगर काढले, न्हाव्यानं आरसा, शिंप्यानं कैची. एक जण शाईत बोट बुडवून विचार करत बसला, म्हणे, "माह्याकडं नांगर नाही, दुसऱ्याच्या वावरात मजुरीले जातो, मी काय काढू?" मी म्हणलं, काढा नांगर, कोण पाहाले येते.

तानुकाकूकडं सगळ्यात शेवटी गेलो. तिनं पहिले भाकर वाढली, वांग्याची भाजी, वरून चिरलेला हिरवा सांबार. खाल्ल्याबिगर कागदाले हात लावू देईना. मंग मी म्हणलं, "काकू, बायका बांगडी काढतात, इथं बांगडी काढा."

"रांडवानं बांगडी काहाले काढाची? खुरपं काढतो. रोज तेच रायते हातात."

अन् काढलं! एवढं मोठं का बाजूच्या दोन नांगरायवर चढलं. मंग म्हणते, "याच्यात लिवलं काय?"

"काका किती चांगले होते ते."

"मंग कागद लय लहान हाय."

अर्ज देला. साहेबानं वाचला, अन् एकच विचारलं, "बट व्हॉट डिड ही गिव्ह?" सरकारी जागेत झाडं तर कोणीबी लावते म्हणे. तहसीलदाराच्या लोकायनं त्यानं बांधलेल्या धर्मशाळेचं पुढं केलं होतं. नुस्त्या सावलीवर आपण हारलो असतो. मी म्हणलं, सर, अर्ज दुरुस्त करून आणतो. त्याच दिवशी पहिलं पान नवीन लिहून जोडलं, निशाण्यायचे पानं तेच ठेवले. काय लिहिलं ते विचारू नको. साहेबाले थोडं फुलवून सांगावं लागते, साधं सांगितलं तर त्यायच्या कानात जात नाही. मसुदा लांब हाय, तुह्यासाठी नक्कल करत बसलो तर टपाल निघून जाईन.

चिंता करू नको. मी हाय ना.

चंद्रभान


अमरावती,
११ जानेवारी १८६६

शालिकरामा,

मंजूर! मंजूर! मंजूर!

हुकूम माह्याच हातानं नक्कल झाला. "द भगवंत गार्डन." लिहिताना एक डाग पडला, पूर्ण कागद पुन्हा लिहिला. साहेब हात मिळवून म्हणाले, यंग मॅन, तुमच्या लोकायत असे दानशूर हायेत हे आमाले ठाऊक नव्हतं.

पाटी उन्हाळ्यात लागन. साहेब स्वतः पडदा काढणार. तू ये, अंगरखा धुऊन ये.

मोजणीचे लोक आले होते. बगीच्याले साखळी लावली. तुमच्या मळ्यातूनबी नेली, पण ते त्यायची रीतच हाय, सगळीकडून नेतात. काकूनं त्यायले पाणी पाजलं.

थंडी लय हाय. तुह्याकडं?

चंद्रभान


अमरावती,
९ फेब्रुवारी १८६६

चंद्रभान,

वर गाव पाहून चमकू नको. मी अमरावतीतच हाय. तू साहेबासोबत दौऱ्यावर गेलेला, म्हणून हे पत्र तुह्या घरी तुह्या बापाजवळ, महादेवरावकाकायजवळ, ठेवून चाललो. आज निघतो, रजा सरली.

मायले नोटीस आली. होळीच्या आत मळा खाली करा. झोपडी काढा. विहिरीवरची मोट काढा. शेजारच्या पार्बताबाईच्या पोरानं मले निरोप धाडला तवा मले वाटलं, कोणाची तरी चूक हाय. मी मोजणीच्या कारकुनाकडं गेलो. म्हणलं, साहेब, हा मळा आमचा. तो म्हणे, "तुमचाच होता ना. तुमीच तर देला." अन् त्यानं मले अर्ज दाखवला. त्याले वाटलं मले इंग्रजी येत नसन. बोट ठेवून समजावून सांगाले लागला. मी म्हणलं, राहू द्या, वाचतो.

"वरील भगवंत माळी याने मरणापूर्वी आपली विहीर व तिला लागून असलेला दोन एकर मळा अमरावतीच्या लोकांना कायमचा दिला. त्याची विधवा व मुलगा यांची याला खुशीची संमती आहे."

तुहं अक्षर. दहा वर्षं एका बाकावर बसलो, तुहं अक्षर मी वळखत नाही का? अन् मागच्या पानावर माह्या मायचं खुरपं.

मी तुले दोनदा वाच म्हणलं होतं.

माय अजून समजली नाही. तिले वाटते शेठ वापस आला अन् त्यानं केलं. मी सांगितलं नाही. कसं सांगू? तिथं निशाणी कर, असा निरोप मीच पाठवला होता.

कारकून म्हणते, कागद अजून वर गेला नाही, एप्रिलच्या अखेरीस जाईन. तवर लिहिणाऱ्यानं स्वतः साहेबापुढं येऊन सांगितलं, का हे खोटं हाय, तर मळ्याचा तुकडा अलग निघू शकते. मी सांगून चालत नाही, माह्या मायनं सांगून चालत नाही. लिहिणाऱ्यानं.

मले तुही माफी नको. तू जा, अन् एवढं बोल.

शालिकराम


अमरावती,
२७ फेब्रुवारी १८६६

शालिकरामा,

तुहं पत्र बाबांनी मले हातात देलं अन् विचारलं, "काय करून बसला तू?" मी अजून जेवलो नाही नीट.

तू विचारशीन काहून लिहिलं. साहेब वाट पाहून राहिले होते, तहसीलदाराचे लोक बाहीर ओट्यावर बसले होते. मले वाटलं एका ओळीनं काका जिंकतात. काकू तर तसंबी सगळ्यायले पाणी देते. बंडीवाल्यायले देते, शेठच्या झाडायले देलं, मोजणीवाल्यायले देलं. मले वाटलं, जे हायच ते लिहून राहिलो, थोडं वाढवून. कागदावर लिहिलं म्हणून काय काकू विहिरीवर जाणं बंद होईन? खरंच असं वाटलं रे. मले मोजणीचं ध्यानातच नव्हतं. नाही, खोटं लिहितो. ध्यानात होतं. वाटलं, पाहून घेऊ.

मी साहेबाच्या दारापर्यंत गेलो. दोनदा. पहिले हेडक्लार्कले विचारून पाह्यलं. ते पुण्याकडचे, हळू बोलणारे. म्हणाले, "हे पाहा चंद्रभान, सरकारात खोटा मजकूर दिला म्हणून तुमच्यावर फौजदारी होईल. आणि ज्या एकशे बारा जणांनी निशाण्या केल्या त्यांनाही बोलावतील. त्या गरिबांनी काय सांगायचं?" ते खरंच हाय ना? त्या बिचाऱ्या नांगर नसलेल्या माणसाले मी कशात टाकू?

बाबा म्हणतात तोंड बंद ठेव. वच्छलाचं लग्न वैशाखात हाय. भाऊ कोठडीत असन तर तिले कोण नेईन?

पण मी हात बांधून बसलो नाही. हेडक्लार्कले सांगून काकूसाठी काम काढलं. बगीच्यात झाडायले पाणी घालाले एक बाई ठेवणार हायेत, दर महिन्याले पगार. काकू तिथंच राहीन. झाडं तेच, विहीर तीच. फरक काय, सांग?

मले थोडा वेळ दे. एप्रिल अजून दूर हाय.

चंद्रभान


अकोला,
३० मार्च १८६६

चंद्रभान,

फरक विचारतं. सांगतो.

मी मायले आणाले आलो होतो. तुले भेटलो नाही, मुद्दाम. वांगे उपटून मधातून मुरमाचा रस्ता केला. मेथीच्या वाफ्यात गोल खड्डा खोदला, तिथं विलायती फुलं लावणार म्हणे. झोपडीचं छप्पर काढून चौकीदाराच्या कोठीवर टाकलं. माय पार्बताबाईच्या ओसरीत झोपते. विहिरीले कठडा झाला. सकाळी चौकीदार कुलूप उघडते तवा माय आत जाते.

हा फरक.

तिले आता सगळं समजलं. मी सांगितलं. निरोपाचंबी सांगितलं. मले वाटलं मारन. ती हातातलं खुरपं मातीत घासत राहिली. मंग विचारलं, "चंद्रभान साहेबाले सांगणार हाय का?"

मी म्हणलं, वेळ पाहिजे म्हणते.

"त्याच्या बहिणीचं लगन हाय ना?"

"हो."

"मंग पाहू."

मी म्हणलं, "माय, ही नोकरी करू नको. आपल्याच विहिरीवर चाकरी? अकोल्याले चाल, आत्ताच्या आत्ता."

म्हणते, "चैत लागला. मोगऱ्याले पाणी कोण देईन? तुहा चौकीदार? त्यानं काल कळ्यायवरून पाणी ओतलं, सगळ्या गळल्या."

अन् लागली कामाले. माह्यासमोर.

मी तुह्याशी भांडाले हे लिहून राहिलो नाही. महिना बाकी हाय. लग्न वैशाखात, कागद त्याच्या आधी जाते, हे तुले मोजता येते. तू लहानपणी मास्तराच्या छडीले भेत नव्हता. माह्या जागी हात पुढं केला होता एकदा. त्या चंद्रभानले हे पत्र पोचव.

शालिकराम


अमरावती,
२० मे १८६६

शालिकरामा,

तुह्या पत्राचं उत्तर इतक्या उशिरा देऊन राहिलो. लग्न झालं, वच्छला परतवाड्याले गेली. पोरगं चांगलं हाय.

काल पाटीचा पडदा निघाला. तू आला नाही. येशीन असं वाटतबी नव्हतं. साहेब अर्धा तास बोलले. गावातले मोठे लोक पुढं, तहसीलदारबी होते, टाळ्या वाजवून राहिले. साहेबानं माहं नाव घेतलं सगळ्यायसमोर. त्याच वेळेस मी उठून बोलणार होतो. इमानानं सांगतो, तोंडापर्यंत आलं होतं. पण मोजणीचा कागद तर आधीच वर गेला, आता बोलून काकूले काय भेटणार, असं मनात आलं, अन् तवर बँड वाजाले लागला.

एप्रिलचं काय झालं, विचारू नको. रोज उद्या म्हणत राहिलो.

आज सकाळी कचेरीत जाता जाता बगीच्यात गेलो. काकू घागर घेऊन उभी होती. मी पाया पडलो. तिनं पडू देलं. तब्येतीनं वाळली हाय, पण बोलली चांगली. वच्छलाचं विचारलं, जावयाचं विचारलं. मंग पाटीकडं हात केला, "वाच बाप्पा, काय लिवलं हाय."

मी वाचलं, "भगवंत बगीचा."

तिनं डोक्यावर पदर घेतला. लय वेळ पाहत राहिली. मंग म्हणाली, "बस, इतकंच?"

मी म्हणलं, "इतकंच, काकू."

मले वाटते तिले बरं वाटलं. शेवटी नाव तर लागलं ना, शालिकरामा? शंभर वर्षांनी लोक येतीन, नाव वाचतीन. बाकीचं कोणाले आठवणार हाय?

मले पत्र टाक. शिव्या दे, पण टाक.

चंद्रभान


अकोला,
३ जून १८६६

चंद्रभान,

परवा एका दिवसासाठी येऊन गेलो. तुह्या पत्रात जे राहिलं ते लिहितो.

मी बगीच्यात पोचलो तर मायनं मले पहिले पाटीपुढं नेलं. म्हणे, "चंद्रभाननं एक ओळ वाचली. इथं तीन हायेत. मले अक्षर येत नाही, पण सरी मोजता येते. खालच्या दोन तू वाच."

मी वाचल्या. मराठीत सांगितल्या. "ही विहीर व ही जमीन भगवंत माळी याने अमरावतीच्या लोकांना खुशीने दान दिली. त्याच्या घरच्यांनी आनंदाने सोडली."

माय पाटीपासून फिरली. वाकून घागर उचलली, दोन पावलं गेली, अन् थांबली. मंग मले सांगितलं, तू पाटी वाचली त्या दिवशी तिनं तुह्यासाठी विहिरीतून ताजं पाणी काढून आणलं होतं, लोटा भरून समोर धरला होता, अन् तू घाई हाय म्हणून निघून गेला.

म्हणे, "तरीच पाणी पेला नाही."

शालिकराम